तिसरीची पाळी

आप्पा, तुमच्या पागोट्याच्या खुंट्या मी विसरलेले नाही. सेलूच्या आपल्या घरात दोन खोल्यांच्या दारांशी दोन खुंट्या होत्या, एक आईची, एक धाकट्या आईची. कापसाच्या बाजारातून आलात की जिच्या खुंटीला पागोटं अडकवाल, तिची त्या दिवशी पाळी. तिनं तुमचं ताट वाढायचं, दुसरीनं चुलीपुढं भाकरी थापायच्या. मी ओसरीत बसून दोघींची तोंडं बघायची. न्याय मोठा चोख होता तुमचा. फक्त न्यायाधीश, साक्षीदार आणि चोर तिन्ही तुम्हीच.

एका साली कापूस बरा विकला गेला. लोकांनी बैल घेतले, तुम्ही बायको घ्यायचं ठरवलंत. देवगावाकडची, माझ्याहून वर्षानं धाकटी. शेजारचे तहसिलीतले मुन्शी ओट्यावर म्हणाले, “सेठ, हमकू चार की इजाजत है, पन एकीच को जवाब देते देते उमर गई.” तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. जिनिंगवर कापूस निवडणारी बाई मला म्हणाली होती, “आमच्यात न्हाई पटलं तर काडी मोडायची अन् दुसरं घर करायचं. तुज्या मायला कुटं हाय ती सोय?” नव्हती. निजामाच्या राज्यात ज्याला त्याला आपापली मुभा होती. आपल्या घरातली सगळी मुभा एकाच पागोट्याखाली बसली होती.

तिसरी बायको लाभत नाही, म्हणून तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं आणि मग रुई तोडायची. अरिष्ट तिच्यासंगं जातं, खरी नवरी चौथी ठरते. गोठ्यामागच्या रुईला तुम्ही हळद लावलीत, दोरा बांधलात, अक्षता पडल्या. गुरुजी म्हणाले, आजच तोडा. तुम्हाला अडतीवर जायची घाई. उद्या तोडू म्हणालात. तेवढीच चूक झाली तुमची.

सकाळी कोयता घेऊन गेलात तर आई रुईला कुंकू लावत होती. “तोडता कशी? सवाष्ण हाय ती ह्या घरची.” गडीमाणसं बघत होती. बायकांचं खूळ म्हणून तुम्ही हसण्यावारी नेलंत आणि आंघोळीला गेलात. दुपारी मुलीचे वडील जेवायला आले. ओसरीवर पान एकच. “यजमानाचं कुटं वाढलंय?” त्यांनी विचारलं. धाकट्या आईनं पदर सावरला. “आज तिसरीची पाळी हाय. तिकडं वाढलंय.” ते गोठ्यामागं गेले. रुईखाली रांगोळी, ताट, आणि फांदीला तुमचं पागोटं. “ही जित्तीच हाय?” ते म्हणाले, “अन् माजी लेक ह्या अरिष्टावर देऊ व्हय?” पाणीही न पिता त्यांनी गाडी जुंपली.

ते ताट तुम्ही आईच्या तोंडावर फेकलंत. भुवईवरची खूण तिच्याबरोबर चितेवर गेली. मग रागानं रुईवर कोयता चालवलात आणि चीक डोळ्यांत उडाला. आठ दिवस डोळ्यांना फडकं. आतून तुम्ही हाका मारताय, आणि चुलीपाशी धाकटी आई म्हणते, “अक्का, बोलवायलेत बघा.” आई म्हणते, “तुजी पाळी हाय.” “न्हाई बाई, तिसरीची.” सवती म्हणून राहिलेल्या त्या दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसल्या. त्या हसण्यासाठी तुमचे डोळे गेले असते तरी मला महाग वाटलं नसतं.

ती देवगावची मुलगी बाजारात भेटते. एकट्या नवऱ्याची एकटी बायको. तुमची आठवण कधी काढत नाही. आता कायद्यानंही बायको एकच. पितृपक्षात तुमचं पान मी मुद्दाम एखाद्या रुईखाली ठेवते. कावळ्यांची गर्दी असते, तुम्ही येता का ते ठाऊक नाही.

माझ्या घरात मी एकच खुंटी ठोकू दिली. नवरा भला आहे, वीस-बावीस वर्षं टोपी तिथंच टांगतो. एका खुंटीच्या घरात बाई निर्धास्त असते, असं मी मासिकात लिहिते, वाचणाऱ्या बायका माना डोलावतात. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. रोज दिवेलागणीला मी चुलीपासून वाकून बघते, टोपी आहे ना.