जेल्टनरावांचा पाय

स्प्रिंगडेल, अर्कान्सा
९ नोव्हेंबर २०१३

ती. नेइवानताईस,
धाकट्या लिजोनचा सा. न. वि. वि.

तुझी सुकी मासळी पोचली. पिशवी उघडली तशी वरच्या मजल्यावरची बाई खाली येऊन विचारून गेली, घरात काही मेलंय का म्हणून. मी तिलाच दोन तुकडे तळून दिले. आता रोज वास घेत जिन्यात घुटमळते.

बाकी हसण्यासारखं फारसं नाही. फोनवर सांगायचं टाळत होते, कारण लॉरा गावातल्या दुकानाच्या फोनवर तू बोलतेस ते अख्खं गाव ऐकतं. तुझ्या मेहुण्याच्या, जेल्टनच्या, डाव्या पायाच्या करंगळीला उन्हाळ्यात जखम झाली, ती अजून भरत नाही. साखर आहेच. पायावर उभं राहवेना, म्हणून कोंबड्यांच्या कारखान्यानं त्याला कमी केलं, आणि नोकरीबरोबर विमाही गेला. मी मोटेलात चादरी बदलते, तिथं विमा कुठला!

चर्चजवळच्या धर्मादाय दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो, मांडीतली रक्ताची नळी बुजत आलीय, मोठ्या इस्पितळात ती आतून फुगवून मोकळी करतात. मी म्हटलं, मग कधी नेऊ? तर म्हणे, विमा कुणाचा? नाही म्हटल्यावर चष्मा पुसायला लागला. मग खाली बघून म्हणाला, पाय सडून जिवावर बेतलं तर तातडीच्या दारानं आणा, तेव्हा कुणी अडवणार नाही, कापून देतील. ऐकलंस ताई? कापायचा तर फुकट, वाचवायचा तर विमा. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला.

पण एक आशा आहे. इथं सरकारनं नवा कायदा केलाय. नोकरीतून विमा मिळत नाही त्यानं सरकारनं मांडलेल्या बाजारातून घ्यायचा, आणि कमाई बेताची असेल तर बराचसा हप्ता सरकारच भरतं. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनाही चालतं, कागद सरळ असले की झालं. चर्चमधली तारिना लोकांचे अर्ज भरून देते, तिच्याकडे उद्या जाते. जेल्टनला विचारलं, येतोस ना? नेहमीसारखी मिठाची गुळणी धरून बसला होता.

देवाजवळ आमचं नाव घालत जा. तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
लिजोन

—

लॉरा, माजुरो, मार्शल बेटं
१ डिसेंबर २०१३

चि. सौ. लिजोनस,
नेइवानचे अनेक आशीर्वाद.

उन्हाळ्यात झालेली जखम मला थंडीत कळवतेस! शाबास. लहानपणी गुडघा फुटला तरी झाडामागं लपायचीस, अजून तेच चाललंय. पत्र वाचल्यावर चहा तसाच राहिला.

आणि हे विम्याचं काय ऐकते मी? आपल्या समुद्रावर अणुबॉम्ब फोडून बघताना अमेरिकेनं कुणाचे कागद बघितले नव्हते. बेटंच्या बेटं रिकामी केली, तेव्हा आपण त्यांचे अगदी जवळचे होतो. आता माणसाच्या पायाची वेळ आली तर कोण तुम्ही, कुठले तुम्ही! त्यांच्याशी झालेल्या करारानंच तुम्ही तिथं राहता, हे तारिनाला अर्जात ठसठशीत लिहायला सांग. भीक मागायला गेल्यासारखी खांदे पाडून जाऊ नकोस, आईनं शिकवलं तशी ताठ जा.

जेल्टनरावांना सांग, मी शाळेत चाळीस वर्षं मुलं बघितली. गप्प बसणारी मुलं शहाणी असतात असं म्हणतात, पण नापासही तीच होतात. नीरफणसाचं आंबवलेलं पीठ पाठवते आहे, पण ते त्यांना चमचाभरच दे, साखर आहे. उरलेलं तू खा, आणि त्यांच्यासमोर खाऊ नकोस, पाप लागेल.

जखम रोज बघायची आणि मला खरं कळवायचं. थोरल्या बहिणीचा राग आणि जीव दोन्ही तुझ्यावर आहेत.
नेइवान

—

स्प्रिंगडेल
६ फेब्रुवारी २०१४

ती. ताईस,
लिजोनचा सा. न. वि. वि.

ताई, हरलो गं आपण.

सगळं क्रमानं सांगते. अर्ज भरला, ताठ गेले होते बरं का. उत्तर आलं की तुमची कमाई इतकी थोडी आहे की बाजारातली मदत तुम्हाला नाही, तुम्ही गरिबांच्या सरकारी विम्याकडे जा. तिकडे गेलो. ते म्हणाले, तुम्ही या देशाचे नागरिक नाही, तुम्ही बाजाराकडे जा. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! मी त्या खिडकीतच बोलले असते काहीतरी, पण तारिनानं माझा दंड धरला.

तिनं घरी येऊन कायदा उलगडून दाखवला. त्यात आमच्यासारख्यांसाठीच एक कलम आहे. परके म्हणून गरिबांच्या विम्यातून ज्यांना वगळलंय, ते कायद्यानं राहत असतील तर त्यांना कमाई कितीही थोडी असली तरी बाजारात मदत द्यायचीच. म्हणजे आधीचा नकार चुकीचा. तिनं लगेच अपील केलं, डॉक्टरची चिठ्ठी जोडली, म्हणून सुनावणीही लवकर लागली. सुनावणी म्हणजे चर्चच्या ऑफिसातल्या फोनवर. लांब कुठल्यातरी शहरात बसलेला अधिकारी विचारणार आणि जेल्टननं उत्तरं द्यायची.

त्या दिवशी नेमकी तारिना आजारी. दुभाषाही दिला नाही. मी शेजारी बसून प्रश्न आपल्या भाषेत सांगत होते. अधिकारी म्हणाला, बाई, अपील त्यांचं आहे, तुम्ही प्रश्न सांगा पण उत्तर त्यांनाच देऊ द्या. ठीक आहे म्हटलं. त्यानं विचारलं, तुम्हीच जेल्टन ना? जेल्टन हो म्हणाला. अपील पुढं चालवायचंय ना? हो म्हणाला. तुम्हाला माझं बोलणं कळतंय ना? हो म्हणाला. इतका शहाण्यासारखा बसला होता की मला कौतुक वाटलं. अधिकाऱ्यानं तेच तेच पुन्हा विचारलं, मला वाटलं पद्धतच असेल. मग त्यानं काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. आम्ही खुशीत घरी आलो, मी भातात नारळ घातला.

काल पत्र आलं. अर्जदार उत्तर देत नाही, सबब अपील बंद. असं धडधडीत खोटं कुणी लिहितं का गं? मी स्वतः डोळ्यांनी बघितलं ना त्याला उत्तरं देताना!

जखमेची कड काळी पडलीय. पाय वसंत ऋतूच्या पुढं टिकेल असं डॉक्टर आता म्हणत नाही. जेल्टन काल म्हणाला, जाऊ दे, एका पायानंही जाळं टाकता येतं. लग्नानंतरचं त्याचं सगळ्यात लांब वाक्य, आणि तेही हे. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

तुझ्याशिवाय कुणाला सांगू? सांभाळून घे मला.
लिजोन

—

लॉरा
१९ फेब्रुवारी २०१४

चि. सौ. लिजोनस आशीर्वाद.

हे पत्र पोस्टावर सोडत नाही. आपल्या मामेभावाची सून उद्याच्या विमानानं तिकडे येते आहे, तिच्या हाती देते आणि तुझ्या हातात ठेवल्याशिवाय पाणी प्यायचं नाही असं तिला बजावते.

रडणं थांबव आणि मला एकाच गोष्टीचं उत्तर दे. जेल्टनराव हो म्हणाले म्हणतेस, ते तोंडानं म्हणाले की कपाळानं?

मला इथं बसून दिसतंय सगळं. आपल्याकडे हो म्हणायला भुवया उडवल्या की काम झालं, तोंड कशाला शिणवायचं! तुझे मिस्टर तर लग्नातसुद्धा पाद्रीबाबांसमोर भुवया उडवून मोकळे झाले होते, मी पहिल्या बाकावर होते. तू समोर बसलीस, तुला भुवया दिसल्या, तुला हो ऐकू आलं. पण अगं बये, फोनला डोळे असतात का? त्या साहेबाला पलीकडे नुसता वारा ऐकू आला असणार. तो बिचारा खोटं बोलला नाही आणि जेल्टनरावही खोटे नाहीत. गाढव असेल तर तुम्ही दोघं मिळून एक.

शाळेत अमेरिकन बाई नवीन आली की दर वर्षी हेच व्हायचं. सगळा वर्ग हजर, आणि हजेरीत सगळे गैरहजर.

आता ऐक. तारिनाला घेऊन अपील पुन्हा उघडायचा अर्ज दे, आमच्या माणसानं उत्तरं दिली होती, आमच्या रीतीनं दिली होती, असं स्वच्छ लिहा. यात लाजायचं काही नाही. दुभाषा हक्कानं माग. आणि घरी त्यांची तालीम घे. बोलणाऱ्याचे हुलगेही खपतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. एका पायानं जाळं टाकायच्या गोष्टी करणाऱ्याला म्हणावं, जाळं टाकता येईल, पण लाट आली तर पळणार कसे?

मी रोज सकाळी चर्चमध्ये जाते आहे. धीर सोडशील तर माझी बहीण नव्हेस. पण आहेसच, तेव्हा सोडणार नाहीस.
नेइवान

—

स्प्रिंगडेल
२७ एप्रिल २०१४

ती. ताईस, लाख वेळा नमस्कार!

जिंकलो! आधी हेच लिहिते, मग बाकीचं.

तुझं पत्र वाचून मी जेल्टनला विचारलं, तू तोंडानं बोलला होतास का रे? त्यानं भुवया उडवल्या! ताई, मी त्याला लाटण्यानं मारणार होते, पण हसूच फुटलं, मग तोही हसला. तारिनानं तर डोक्यावर हात मारून घेतला. तिनं लिहून दिलं की अर्जदारानं प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं होतं, फक्त ती उत्तरं फोनमधून जाणारी नव्हती. त्यांनी अपील पुन्हा उघडलं.

मग तालीम. मी साहेब व्हायची, दुसऱ्या खोलीतून ओरडून प्रश्न विचारायची. पलीकडून शांतता. शेवटी मी त्याच्या कपाळावर ओढणी घट्ट आवळून बांधली, भुवया हलूच देणार नाही म्हटलं. तेव्हा कुठं घशातून आवाज निघाला. सुनावणीच्या दिवशी तो स्वतःच ओढणी घेऊन आला आणि म्हणाला, बांध. चर्चच्या ऑफिसात तो तसा समुद्री चाच्यासारखा बसला, बाहेर बायका प्रार्थना करत होत्या की हसत होत्या, देव जाणे.

या वेळी दुभाषी होती, आपलीच, हवाई बेटांवर बसलेली. साहेबानं विचारलं, तुम्हीच जेल्टन ना? हो! असा ओरडला की खिडकीवरची चिमणी उडाली. साहेब म्हणाला, जरा हळू चालेल. दुभाषीनं त्याला समजावून सांगितलं की मागच्या वेळी काय घोटाळा झाला. साहेब खो खो हसला आणि मग म्हणाला, मला माफ करा, मला हे माहीतच नव्हतं. मोठ्या मनाचा माणूस निघाला. तारिनानं ते कलम वाचून दाखवलं. शेवटी त्यानं विचारलं, अर्जदाराला स्वतःला काही सांगायचंय?

मला वाटलं, संपलं, आता हा बसणार गप्प. ताई, जेल्टन बोलला. म्हणाला, साहेब, मी तुमच्या देशात उभ्यानं काम केलं. माझ्या हातून किती कोंबड्या कापल्या गेल्या ते देवाला माहीत. मला सांगतात, पाय कापायचा झाला तर फुकट कापू. मला फुकट काही नको. माझ्या वाटणीचा हप्ता मी भरतो. मला माझा पाय पाहिजे.

दुभाषीनं ते शब्दन् शब्द पुढं सांगितलं. मग फोनवरून तिचं नाक पुसल्याचं ऐकू आलं. मी माझं काय झालं ते लिहीत नाही.

आठवड्यानं निकाल आला. आधीचा नकार चुकीचा, मदत मंजूर. हप्ता म्हणशील तर आम्ही कोकवर उडवायचो त्याहून कमी, आणि कोक मी बंदच केलंय. विमा लागू झाल्याबरोबर नळी मोकळी केली. डॉक्टरनं मला बोलावून पाऊल दाखवलं, गुलाबी झालं होतं गं, बाळाच्या पावलासारखं. करंगळी मात्र वाचली नाही. शुद्धीवर आल्यावर त्यानं बोटं मोजली आणि म्हणाला, नऊ पुष्कळ झाली.

तुझे पाय धरावेसे वाटतात. इथूनच धरते.
तुझीच,
लिजोन

—

स्प्रिंगडेल
२७ डिसेंबर २०१४

ती. ताईंना,
जेल्टनचा सप्रेम नमस्कार.

मी पत्र लिहीत नसतो, तुम्हाला माहीत आहे. लिजोन म्हणाली, हे तूच लिही.

तारिनाबरोबर आपल्या लोकांच्या घरोघरी जातो. ज्यांना तेव्हा तसाच नकार आला होता, ते घाबरून घरात बसले होते. मी त्यांना पाऊल दाखवतो आणि अपील करा म्हणून सांगतो. फोनवर तोंडानं बोला, हेही सांगतो. बरीच माणसं जिंकली. त्यांतल्या एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, एकीच्या मुलाच्या हृदयाचं झालं. लिजोन म्हणते, आता याला गप्प कसं करायचं ते ताईला विचार.

परवा नाताळ झाला. आपल्या रीतीनं चर्चमध्ये गटागटानं नाच झाले, आमच्या गटाचा सकाळी सुरू झाला. मला सगळे म्हणाले, तुम्ही बसून टाळ्या वाजवा. मी पुरुषांच्या रांगेत पुढं जाऊन उभा राहिलो. चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत आम्ही नाचत गेलो आणि नाचतच परत आलो. दुसऱ्या गटानं पैज लावली, म्हणून पुन्हा गेलो. घाम गळत होता. लिजोन बायकांच्या रांगेतून ओरडत होती की पुरे, पण तिच्याही पायांना थारा नव्हता. तो धर्मादाय दवाखान्यातला डॉक्टर आला होता. मागं भिंतीला टेकून उभा होता, रडत होता. मी त्याला हात धरून रांगेत ओढला. त्याला नाचता येत नाही.

ताई, तुम्ही तिथं होता असं समजून नाचलो. आपला आशीर्वाद या घरावर असाच राहावा.

आपला मेहुणा,
दोन्ही पायांवर उभा,
जेल्टन