लेखकांची नावं माझ्याकडे

३ मार्च
चेन्नईत तिरुवल्लिकेणीला बैठक. चार विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी मिळून एकच ओपन-सोर्स सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. फुकट, शिवाय हवं तसं बदलता येणारं. पुस्तकांच्या यादीतली लेखकांची नावं निस्तरायचं काम कुणी घेईना. एकाच माणसाचं इनिशियल कुठे पुढे, कुठे मागे. मीच हात वर केला. आमच्या तांबरमच्या ग्रंथालयाची लाज राखली. उद्या सकाळी सुरुवात.

९ मार्च
आधी चांगली खुर्ची हवी. बायकोबरोबर टी. नगरच्या बाजारात गेलो. कल्पनाची साडी झाली. खुर्ची राहिली.

२ एप्रिल
सौम्याबाईंचा फोन. सगळ्या ग्रंथालयांची जुळवाजुळव त्याच करतात. कुठवर आलं, म्हणाल्या. निम्मं झालं म्हणालो. डोक्यात तर झालंच आहे. रात्री झोप नाही. उकाडा असावा.

२८ एप्रिल
माझ्या 'निम्मं'वर विसंबून बाईंनी कुलगुरूंना जूनचा शब्द दिला! नाही जमलं तर जुन्या कंपनीचं महागडं सॉफ्टवेअर परत येणार, आणि बोलणी बाई खाणार. तडक नावांची फाइल उघडली. फारच मोठी आहे. बंद केली.

१५ मे
बाईंना सांगितलं, संपत आलंय, एकदा नजर टाकायची बाकी आहे. खोटं नाही. नजर टाकायची बाकीच आहे.

३० मे
खरं सांगून टाकायचं ठरवलं. फोन लावला. बाई डोळ्यांच्या इस्पितळात, आईचं ऑपरेशन. अशा वेळी काय बोलणार? आईंना नमस्कार सांगा म्हणालो.

१४ जून
सिस्टीम चालू झाली! बाईंचे सहकारी व्यंकटेश म्हणाले, नावांचं काम बाईंनीच केलं, इस्पितळातल्या बाकावर बसून. फाइल आली नाही तेव्हाच त्या समजल्या होत्या. तरी समारंभात शाल मला. माझं नाव बाईंनीच सुचवलेलं. नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोटो निघाला. शाल टोचत होती. चेन्नईत जूनमध्ये टोचणारच.

२० जून
जाऊन माफी मागितली. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "असू द्या, रत्नाकरराव. आईचा डोळा छान झाला," म्हणाल्या. आणखी दोन विद्यापीठं येताहेत. म्हटलं, या खेपेला सगळं माझ्यावर सोडा. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "नको नको, तुम्ही फक्त बैठकीच्या टिफिनचं, खाण्यापिण्याचं बघा."
टिफिन तर टिफिन. असा करीन की लोक नाव काढतील.
दारातून निघताना ऐकू आलं. बाई व्यंकटेशना तमिळमध्ये सांगत होत्या, दुसऱ्या हॉटेललाही सांगून ठेवा.
तेवढं तमिळ मला येतं.