घराखालची शेगडी

बाबा, काल दोन माणसं येऊन आमच्या गॅरेजच्या भिंतीवरचा जुना बॉयलर उचलून घेऊन गेली आणि त्या जागी नवा, जुन्याच्या निम्म्या आकाराचा, लावून गेली. त्या कामासाठी दिवसभर हीटिंग बंद होतं. संध्याकाळी मी मोजे न घालता स्वयंपाकघरात गेलो, टाइलवर पाय पडला आणि तो गारठा थेट दाढेपर्यंत चढला. तेव्हा तुमची आठवण झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आमच्या घरातली फरशी आणि तुम्ही, या दोन गोष्टी मला कधी वेगळ्या काढता आल्या नाहीत. तुमची मुलगी ऑफिसला गेली आहे. बाहेर आमच्या बॉथेल गावचा तोच पाऊस आहे, पडतोय की नुसता लटकलाय ते कळत नाही असा. म्हणून लिहायला बसलो.

हे घर आम्ही घेतलं तेव्हा त्यात मळकट कार्पेट होतं आणि गरम हवा फेकणारा एक पंखा होता. तो सुरू झाला की शेजारून विमान उडाल्यासारखं वाटायचं. माझ्या टीममधल्या एकानं तेव्हा नुकतंच फरशीखालचं हीटिंग करून घेतलं होतं आणि तो रोज लंचला दुसरं काही बोलत नसे. फरशीखाली बारीक नळ्यांची वेटोळी टाकायची, बॉयलरनं त्यांतून गरम पाणी फिरवायचं, की घर तळव्यापासून वर उबदार होत जातं. आवाज नाही, धूळ नाही. मला ते इतकं पटलं की पगारवाढ झाल्याच्या आठवड्यातच मी कॉन्ट्रॅक्टर बोलावला. प्रत्येक खोलीत भिंतीवर एकेक थर्मोस्टॅट बसवला, त्या खोलीला किती ऊब हवी ते सांगण्यासाठी. पहिल्या सकाळी तुमची मुलगी अनवाणी चालली आणि म्हणाली, "अरे, कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीवर बसल्यासारखं वाटतंय." मी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

तुम्ही आलात तो दोन हजार चारचा ऑक्टोबर. तिला सातवा महिना होता. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि मुलीचं बाळंतपण करायला आई येते तसे तुम्ही आला होता. नागपुरातले निवृत्त मुख्याध्यापक, कानटोपी घातलेले, एका बॅगेत डिंक, खारीक, अळीव, खसखस आणि बाळंतशेपा घेऊन. माझ्याशी तुमचं तोवरचं बोलणं म्हणजे "प्रवास ठीक?" आणि "तब्येत ठीक?" एवढंच. दारात बूट काढून तुम्ही दोन पावलं आत आलात आणि जागच्या जागी थांबलात.

"जावईबापू, खाली काय जळून राहिलं?"

मी मोठ्या हौशीनं नळ्या, पाणी, बॉयलर सगळं समजावून सांगितलं. तुम्ही ते तोंडी परीक्षेत मुलाचं उत्तर ऐकावं तसं ऐकलंत. मग म्हणालात, "म्हणजे आम्ही नागपुरात जन्मभर फरशी गार करायला पाणी शिंपडलं, आणि तुम्ही फरशी गरम करायला पाणी फिरवून राहिले."

"हो, तसंच."

"बिल किती येतं?"

मी म्हणालो, बघून सांगतो. हे उत्तर मला पुढे तीन महिने पुरलं. बिल पोस्टानं यायचं, पण दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडणं तुमच्या तत्त्वात बसत नसे, म्हणून मी सुरक्षित होतो. तुम्ही मात्र अंदाज बांधायचात आणि डॉलरचे रुपये करायला त्याला पंचेचाळीसनं गुणायचात. एकदा जेवताना मान वर करून म्हणालात, "एवढ्यात तर नागपुरात कूलर घेऊन त्याची बँडबाजासकट वरात काढता येते."

मग ती लढाई सुरू झाली. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की तुम्ही घरभर फिरून थर्मोस्टॅट बंद करता. खोलीत माणूस नसेल तर पंखा चालू ठेवायचा नाही, हा नियम तुम्ही तीस वर्षं अख्ख्या शाळेला लावला होता, तो आता आमच्या पाहुण्यांच्या खोलीला लागतो. पण ही फरशी म्हणजे पंखा नव्हे. ती गार व्हायला अर्धा दिवस घेते आणि गरम व्हायलाही अर्धा दिवस घेते. संध्याकाळी आम्ही परत येतो तर घर शवागारासारखं. मी बटणं वर करतो. फरशीला ते कळतं दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तोवर आमची निघायची वेळ झालेली असते. मग रिकाम्या घरात तुम्ही एकटे, खाली तव्यासारखी तापलेली जमीन. साहजिकच तुम्ही म्हणता, "पाहा, फुकट जळून राहिलं," आणि पुन्हा सगळं बंद करता. आम्हाला ऊब एकदाही मिळाली नाही, आणि बिल मात्र आधीपेक्षा वाढलं. मी हे तुम्हाला कागदावर आलेख काढून दाखवलं. तुम्ही आलेख नीट पाहिलात आणि म्हणालात, "अक्षांना नावं दिली नाहीत तुम्ही."

डिसेंबरात एका संध्याकाळी तुमची मुलगी स्वेटरवर माझं जॅकेट घालून पोळ्या लाटत होती. पोट ओट्याला लागत होतं, म्हणून ती तिरकी उभी होती. ते पाहून माझा तोल गेला. म्हणालो, "बाबांना सांग, हे घर आहे, शाळा नाही." तुम्ही मागेच उभे होता. तुम्ही खोलीत गेलात आणि बॅग काढलीत. ती लाटणं हातात घेऊनच तुमच्या मागे गेली. मी दाराबाहेर थांबलो, आत यायची हिंमत नव्हती.

"बाबा, हे काय करताय?"

"बेटा, मी येऊन चूक केली. मला यातलं काय येतं? तुझ्या आईनं तुझ्या दोन्ही वहिन्यांचं केलं. बाजेखाली शेगडी असायची, वर गोधडी. पण मला त्या खोलीत कुठे येऊ देत होत्या? मी दारापर्यंत कोळसे आणून द्यायचो. मला फक्त वास माहीत आहे, ओव्याचा."

"मग वासावरून करा," ती म्हणाली. "मला दुसरं कोण आहे?"

तुम्ही बॅग पुन्हा पलंगाखाली सरकवलीत. त्या दिवसापासून आपण दोघं एकमेकांशी इतक्या अदबीनं वागायला लागलो की तिला ते भांडणापेक्षा जास्त जड झालं.

जानेवारीत तुमची नात झाली. मायलेकी हॉस्पिटलातून घरी यायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "दुकानात चला, मला कोळसे पाहिजे." मी खूश झालो. मला वाटलं वांग्याचं भरीत करणार. बार्बेक्यूच्या कोळशाची पिशवी आणि पत्र्याची एक घमेल्यासारखी बादली आपण आणली. ऐन हिवाळ्यात हे घेतोय म्हणून काउंटरवरच्या बाईनं आपल्याकडे कौतुकानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाळाला घेऊन आत निजलेली. मी डायपर आणायला गेलो होतो, तो आलो तर तुम्ही मागच्या अंगणातून निखाऱ्यांची बादली दोन चिमट्यांत धरून आत येताय. मी "अहो, अहो!" करेपर्यंत तुम्ही त्यावर मूठभर ओवा आणि लसणीची सालं टाकलीत. तो वास खरंच सुंदर होता. तो मी एक श्वासभर घेतला असेल, तेवढ्यात घरातले सगळे स्मोक अलार्म एका सुरात ओरडायला लागले. बाळ ओरडलं. तुमची मुलगी आतून ओरडली. मी खिडक्या उघडत सुटलो आणि तुम्ही पंच्यानं धूर अलार्मकडेच ढकलत होता. आमचा अलार्म जोडलेला होता फायर स्टेशनला. बादली बाहेर पावसात नेऊन ठेवली तोवर दारात लाल गाडी उभी.

पूर्ण पोशाखातले तीन जण आले. पुढचा इतका उंच की दारात वाकला. तुम्ही हात आडवा करून त्याला म्हणालात, "शूज, प्लीज." तो थबकला! बाबा, आग विझवायला आलेल्या माणसाला तुम्ही उंबऱ्यावर उभं केलंत. मी मध्ये पडून त्याला बुटांसकट आत घेतलं. कोळसे घरात पेटवले तर त्याच्या वायूनं माणसं झोपेतच जातात, असं त्यानं तुम्हाला शांतपणे सांगितलं. तुम्ही ताठ उभे राहून म्हणालात, "माय डिअर फेलो, धिस इज फॉर द मदर." पण वायूचं ऐकून तुमचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. तुम्ही लगेच आतल्या खोलीकडे बघितलंत.

एवढ्यात दुसरा जण धूर कुठून येतोय ते बघायला गुडघ्यावर बसला होता. त्यानं हातमोजा काढून जमिनीला हात लावला आणि ओरडला, "फ्लोअर इज हॉट!" तिघंही एकदम ताठ झाले. त्यांना वाटलं आग फरशीखाली आहे. मी जिवाच्या आकांतानं नळ्या, पाणी, बॉयलर हे सगळं पुन्हा एकदा समजावलं. उंच माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. त्यानंही हातमोजा काढला, फरशीवर पंजा टेकवला, आणि म्हणाला, "ओह, नाइस. मी घरात हेच करायचा विचार करतोय. बिल किती येतं?"

तुम्ही सावकाश माझ्याकडे वळलात.

आता बघून सांगतो म्हणायची सोय नव्हती. युनिफॉर्मसमोर थाप मारणं व्हिसावरच्या माणसाला परवडत नाही. मी आकडा सांगितला. डिसेंबरचा, खरा, सेंटसकट. त्यानं शीळ घातली. मग आतून बाळाचा आवाज आला, तेव्हा म्हणाला, "विथ अ न्यू बेबी? वर्थ इट, मॅन." आणि ते निघून गेले. फरशीवर तीन माणसांच्या बुटांचा चिखल राहिला.

मला वाटलं, आता गुणाकार होणार. तुम्ही फडकं आणलंत आणि खाली बसून चिखल पुसायला लागलात. मीही बसलो. एका ठिकाणी तुमचा हात थांबला. तुम्ही फडकं बाजूला ठेवून तळवा फरशीवर टेकवलात, बराच वेळ. मग उठलात, नागपूरहून आणलेली पातळ गोधडी काढलीत, हॉलमधल्या फरशीवर घातलीत आणि मुलीला म्हणालात, "इथे नीज. पाठ टेकव." ती निजली. बाळ बाजूला. थोड्या वेळानं तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "बाबा, कंबरेखाली कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतंय. वहिनी शेगडीबद्दल असंच सांगायची."

तुम्ही स्वयंपाकघराकडे तोंड केलंत आणि बराच वेळ खसखस शोधत राहिलात. ती समोरच होती. मग घसा साफ करून म्हणालात, "जावईबापू, त्या बटणाचे दोन पॉइंट वाढवा."

त्यानंतर थर्मोस्टॅटला हात लावायची कुणाचीही छाती नव्हती, माझीसुद्धा. नवीन धर्म घेतलेल्या माणसासारखे तुम्ही कडवे झालात. कणीक फरशीवर, दह्याचं विरजण फरशीवर, बाळाची दुपटी फरशीवर, दुपारी तुम्ही स्वतः फरशीवर. नागपूरला फोन करून सांगायचात, "लोक बाजेखाली शेगडी ठेवतात, आमच्या जावयानं घराखाली ठेवली." हे मला तुम्ही कधी तोंडावर म्हणाला नाहीत, पण फोनवर तुमचा आवाज इतका मोठा असायचा की शेजारच्या घरीही कळलं असेल. डिंकाचे लाडू तुम्ही वासावरूनच केलेत. पहिला घाणा दगड झाला, दुसरा उत्तम. आणि कोणी बंद-चालू करत नसल्यामुळे बिल खरंच उतरलं. मी ते पाकीट फोडून तुमच्या हातात दिलं. तुम्ही चष्मा लावून वाचलंत, खिशात पेन शोधलंत, आणि बिलाच्या कोपऱ्यात टिक केलीत, गृहपाठ तपासल्यासारखी.

एप्रिलमध्ये तुम्ही परत गेलात. मग दर महिन्याला फोन. पहिला प्रश्न नात कशी आहे हा नसायचा. "बिल किती आलं?" मी सांगायचो, तुम्ही मनातल्या मनात गुणाकार करायचात, आणि तो होईपर्यंत मी चहाचे घोट घेत थांबायचो. "ठीक आहे," एवढंच म्हणून फोन मुलीकडे द्यायला सांगायचात. तीन वर्षं आपण दोघं याहून जास्त काही बोललो असू असं मला वाटत नाही, आणि तरी तुमच्याइतकं माझ्याशी कोणी बोललंय असंही वाटत नाही. दोन हजार आठच्या मे महिन्यात, नागपूरच्या त्या भयंकर उन्हाळ्यात तुम्ही गेलात. आम्ही पोचलो तेव्हा घरात गर्दी होती आणि कुणीतरी सवयीनं अंगणात पाणी शिंपडत होतं.

आता बिल खात्यातून आपोआप जातं. मी ते पाहतही नाही, आणि विचारणारंही कुणी नाही. आज मात्र मुद्दाम उघडलं, तुम्हाला लिहावं म्हणून. वर कुठेतरी आकडा लिहिलाही होता. मग ताडून पाहिलं तर मी तो थोडा कमी लिहिला होता. खोडून पुन्हा लिहिला, आणि पुन्हा थोडा कमीच लिहिला. शेवटी ती ओळच काढून टाकली. हे पत्र कुठे जाणार नाही हे मला माहीत आहे, बाबा. तरीही तुम्हाला खरा आकडा सांगायचा माझा धीर होत नाही.