आधी काय कराल?

गोत्री, बडोदे

चि. कुणाल,

दुबईच्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा चौथ्या खेपेला पास झाले. सोसायटीतले "मोहनाबेन, पेंडा खवडावो" म्हणत पेढ्यांसाठी मागे लागलेत, आणि मी दार लावून बसले आहे.

तीनदा मी एकाच प्रकारच्या प्रश्नांत आपटले. बेशुद्ध पेशंटला उलटी होतेय, नर्सने आधी काय करावं? मी दर वेळी 'डॉक्टरांना कळवावं' यावर क्लिक करायचे. बारा वर्षं वॉर्डात तेच केलं ना! सरांना विचारल्याशिवाय पेशंटची उशीसुद्धा हलवली नाही.

बाबा गेले तेव्हा मी भाजी आणायला गेले होते, असं तुला सांगितलं. ते खोटं होतं. मी त्यांच्या शेजारीच होते. ते बेशुद्ध, उताणे पडून ओकत होते आणि मी डॉक्टरांचा एंगेज फोन पुन्हा पुन्हा लावत होते.

परवा तोच प्रश्न आला. 'पेशंटला कुशीवर वळवावं' यावर क्लिक केलं. दोन सेकंदही लागले नाहीत, याचाच राग येतो.

हे पत्र माझ्याकडेच राहील, तुला फक्त निकालाचा फोटो पाठवेन. तू लिहिशील, "ताई, आज बाबा हवे होते." त्यावर मी हात जोडलेला इमोजी टाकेन.

तुझी ताई,
मोहना