कचऱ्याचा फोटो

निपाणी, मंगळवार, दिवेलागण

आज फार थकलो. जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवणाऱ्या बायकांसाठी अनुदानाचा अर्ज भरतोय. मंजूर झाला तर शेजारच्या सुमनआक्काकडे शिलाई मशीन येईल. सुई आता तिच्या बोटांना दाद देत नाही. शाळेत पाठ केलेल्या कविता अजून ओठांवर येतात, पण अर्जातलं एक वाक्य सुचेना.

त्यात अनुदान कचऱ्यापासून वस्तू करणाऱ्यांसाठीचं, म्हणून अर्जात कचऱ्याच्या ढिगाचा फोटो मागितलाय. ढीग आणू कुठला? लोकांनी दिलेली लुगडी आक्का धुऊन, घडी घालून फळीवर ठेवते. सगळ्यांत वर निळं इरकल, माझ्या कुसुमचं. ती गेल्यावर मीच नेऊन दिलेलं.

म्हटलं, "आक्का, फोटोपुरती अंगणात टाकूया. लगेच उचलू."

"न्हाय जमायचं, मास्तर. लोकांनी माझ्या हातात दिल्यात, मातीत न्हाय."

"मग मशीन?"

"न्हाय आलं तर न्हाय. वरचं वैनींचं हाय. टाकता काय तुम्ही?"

मी कविता म्हणायचो तेव्हा त्याच निळ्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत कुसुम ऐकायची. आणि मी ते मातीत टाकायला निघालो होतो?

शेवटी फळीचाच फोटो काढला. 'कचऱ्याचा प्रकार' या रकान्यात लिहिलं, घडी घातलेली लुगडी. अर्ज पाठवून दिला. बहुधा नामंजूरच होईल.

निघताना पाहिलं, आक्काला सुईत दोरा ओवता येत नव्हता. ओवून दिला. आज तेवढंच जमलं.