काशीबाईंनी निवडलेल्या माश्या

बिरवाडी, रविवार

प्रिय प्रियदर्शिनीताई,

सप्रेम जय भीम. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? माझी तब्येत उत्तम आहे. पोलादपूरच्या पोलिसांनीही तशी खात्री करून घेतली आहे.

झालं असं की, कॉलेजची सुट्टी मी मधमाशीचं सोंग घेणाऱ्या माश्यांमागे घालवली. (मधमाशीला पंख चार, हिला दोनच, डंख तर नाहीच, नुसता रुबाब.) हिच्या पंखातली एक बारीक शीर दुसरीला मिळाली की प्रजाती एक, नाही मिळाली की दुसरी. प्रजाती म्हणजे माशीचं आडनाव समज. माशी जमिनीवर बसते म्हणून आंबेनळी घाटात मी रस्त्याकडेला पालथा पडून होतो. कुण्या टेम्पोवाल्याने मला मयत समजून कळवलं. पोलीस आले तेव्हा माशी नाकासमोरच होती, त्यामुळे मी हाकेला ओ दिली नाही आणि त्यांची समजूत पक्की झाली. चौघांनी उचलताच मी जाळी फिरवली. दोघे पळाले. माशी मात्र मिळाली.

घरी शंभर माश्या टाचण्यांवर लावून तीन दिवस भिंगातून पाहिल्या, तरी आडनावं जुळेनात. मग काशीबाई (माझ्या घरमालकीण, वय सत्तर, चष्मा नाही) तांदूळ निवडायचं सूप बाजूला ठेवून बसल्या आणि चहाला उकळी येईस्तोवर दोन रांगा लावून मोकळ्या झाल्या. कशावरून, विचारलं तर म्हणाल्या, ढुंगणावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून. मी शिरा तपासल्या. एकही चूक नव्हती. एक माशी मात्र त्यांनी हातातच धरली होती.

"ही दोघींतलीबी नाय," त्या म्हणाल्या. "हिला वायली ठेव."

ताई, त्या माशीची शीर डाव्या पंखात दुसरीला मिळाली होती आणि उजव्यात नव्हती! पुण्याचे सर गुरुवारी तिलाच पाहायला येताहेत. शोध माझाच, असं मी त्यांना कळवून बसलो होतो. काल फोन करून खरं सांगितलं. आता शोधनिबंधावर काशीबाईंचं नाव पहिलं.

तुझा,
नागसेन

ता. क. काशीबाईंना नाव नको आहे. माश्या घराबाहेर काढ, म्हणतात.

ता. क. दुसरा : परवा पाठवलेल्या कुळथाच्या पिठाच्या डब्यात चुकून एक काडेपेटी गेली आहे. सरांना दाखवायची माशी तीतच आहे, पंखा बंद करून उघड. भाऊजींनी आधीच उघडून आतली 'घाण' टाकली असेल, तर कचरा खाली देऊ नकोस. फोनच करणार होतो, पण भाऊजी स्पीकर लावतात. हे पत्र मीच घेऊन निघालोय, दार उघडल्यावर आधी हे वाच.