तळापर्यंत हात

आई, तुझा तांदळाचा उंच स्टीलचा डबा मी परवा शाळेत नेला. लंडनमधल्या इल्फर्डच्या त्याच शाळेत, जिथल्या किचनमध्ये तू काम करायचीस. तू गेल्याला अकरा वर्षं झाली. तिथे तुला ओळखणारं आता कोणी नाही. सात वर्षांच्या मुलांना रँडम सॅम्पलिंग समजावायचं होतं. डब्यात लाल राजमा आणि पांढरी चवळी मिसळली होती. सगळं मोजत बसायचं नाही. नीट ढवळायचं, डोळे मिटायचे, तळापर्यंत हात घालून दहा जणांनी एकेक दाणा काढायचा आणि त्यावरून डब्याचा अंदाज बांधायचा. हे खरं तर तूच शिकवलंस. दुकानात तू तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचीस. दुकानदार म्हणायचा, "काकी, वरचा बघा ना, सगळा एकच माल आहे." तू म्हणायचीस, "वरचा तुमचा, खालचा आमचा." मी लाजून दाराशी उभी असायचे.

मुलांना मी एकच नियम सांगितला: रँडम म्हणजे कोणीही निवडत नाही. हेच मी तुला हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं. तेव्हा मी युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रिपोर्ट तुझ्या मांडीवर आहे, आणि तू विचारतेस, "मलाच का गं?" मी म्हणते, "रँडम आहे, आई. कोणी निवडत नाही." तू भिंतीकडे तोंड करतेस. पुढे आपण त्यावर कधीच बोललो नाही.

नऊ मुलांचं ठीक झालं. दहाव्या मुलीने खांद्यापर्यंत हात घातला आणि ती तशीच थांबली. "काढ की," मागची म्हणाली, "झोपलीस का?" तिने मूठ बाहेर काढली. "मिस, हा मी नाही घेतला. खालून कुणीतरी दिला." वर्ग हसला. ती हसली नाही. तिच्या हातातला राजम्याचा दाणा ओला होता. मुलांच्या हातांना घाम येतो. आधीचे नऊ दाणे कोरडे होते, तेही मी तपासलं. तुझे हात कायम ओले असायचे. एप्रनला कितीही पुसलेस तरी.

ब्रॅकनेलला घरी आल्यावर डबा रिकामा करायच्या आधी मी डोळे मिटून तळापर्यंत हात घातला. दाणा उचलला नाही. तळहात वर करून उघडा ठेवला, हात बधिर होईपर्यंत. काही आलं नाही. हे मी कोणालाच सांगणार नाही, आणि हे पत्र कुठे पाठवायचं तेही माहीत नाही. डबा ओट्यावरच आहे. झाकण मी अजून लावलेलं नाही.